अडणाऱ्या घोड्याला लांब पल्ल्यासाठी तयार करताना

तबेल्याबाहेर पडताच घोडा अडत असेल, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी दुखणं शोधा. फेरीनंतर खोगीर काढून पाठ बघा. घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा डाग दिसला, तर बहुधा तिथेच खोगीर दाबतंय. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे जात असतील, तर पुढच्या पायाच्या कोपरामागची कातडी चिमटत असेल. दात आणि नालही तपासून घ्या. माझ्या घोड्याचं निम्मं अडणं खोगीर बदलल्यावरच थांबलं.

उरलेल्यासाठी शांत जोडीदार घोडा पुढे ठेवा. टाच द्या, पण पाऊल पुढे पडताच सोडा. टोचत राहिलात तर पुढे जाऊन सुटका होते हे त्याला कळणारच नाही.

पहिले सहा आठवडे बहुतेक साधं चालणंच ठेवा: आठवड्यातून तीन-चार दिवस, ४५ मिनिटांपासून दीड तासापर्यंत. मग पाच-पाच मिनिटं दुडकी. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. दम दोन-तीन महिन्यांत येतो, कंडरा आणि हाडं मात्र मागाहून घट्ट होतात. घोडे लंगडतात ते याच काळात.

थांबल्यावर डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. दहा मिनिटांत आकडा ६४ च्या खाली यावा. वीस मिनिटांनीही आला नाही, तर काम जास्त झालं.

दुडकीत स्वार घोड्याच्या पावलांच्या तालावर खोगिरातून उठतो-बसतो. ही उठबस कायम पुढच्या एकाच पायाच्या तालावर नको, अधूनमधून पाय बदला. तीव्र उतारावर खाली उतरून सोबत चाला. त्याच्या पाठीला आराम मिळतो आणि तुमचे गुडघेही मोकळे होतात.