मधुमेहाची ओळखपट्टी: कोणती घ्यावी, तिच्यावर काय कोरावं

रक्तातली साखर ५४ मिलिग्रॅमच्या खाली गेली की माणूस घामाघूम होतो, हात थरथरतात, जीभ अडखळते, विचारावं एक तर उत्तर भलतंच येतं. बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय. स्टेशनच्या बाकावर असा कोणी बसलेला दिसला की लोक बाजूनं निघून जातात आणि मदतीची वेळही निघून जाते. मनगटावरच्या पट्टीनं एकच काम करायचं असतं: हा शुगरचा पेशंट आहे, हे अनोळखी माणसाला दहा सेकंदांत कळवायचं. धातू, आकार, अक्षरं, सगळं या एका कसोटीवर घासून बघा.

टाइप १ असलेल्या प्रत्येकानं पट्टी घालावी, लहान मुलांनीसुद्धा. टाइप २ मध्ये जे इन्सुलिन घेतात त्यांनी, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी गोळी चालू असलेल्यांनीही. आपली गोळी कुठली हे माहीत नसेल तर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. अनेकदा एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि त्यांत यातलं एखादं असू शकतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांची साखर सहसा धोकादायक इतकी खाली जात नाही, त्यांना खिशातलं कार्ड पुरतं.

कुठे घालायची

मनगटावर. नाडी बघायला हात तिथंच जातो. गळ्यातलं पदक कपड्यांत, मंगळसूत्रात किंवा इतर माळांत हरवतं. मनगटावर काही सहनच होत नसेल तरच ते घ्या. पैंजण नको: मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, साखळी घासून जखम झाली तरी कळत नाही. अंगठीवर अक्षरं मावत नाहीत आणि बोटं सुजली की ती अडकून बसते. घड्याळाच्या पट्ट्यात सरकवायच्या पट्ट्या मिळतात, पण घड्याळ रात्री काढून ठेवलं जातं आणि झोपेतच साखर खाली जाण्याची भीती मोठी. डायलिसिससाठी ज्या हाताला फिस्चुला (शीर आणि धमनी यांचा जोड) केलेला आहे त्या हातात काहीही आवळून घालू नका, पट्टी दुसऱ्या हातात.

माप घ्यायला मनगटाच्या हाडाच्या वर सुतळी गुंडाळा, जुळली तिथं पेनानं खूण करा, फूटपट्टीवर मोजा आणि त्यात १ ते १.५ सेंटिमीटर मिळवा. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा हात थोडे सुजलेले असतात. पट्टीखाली करंगळी सहज गेली पाहिजे. पट्टी फिरून अक्षरं खालच्या बाजूला गेली तर ती सैल आहे.

धातू

रोजच्या वापराला ३१६एल स्टील उत्तम. त्यात मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे घामातल्या मिठापुढे ते ३०४ या नेहमीच्या स्टीलपेक्षा जास्त टिकतं. कोकणपट्टीत आणि गोव्यात हा फरक जाणवतो. या दोन्ही स्टीलमध्ये निकेल असतं. नकली कानातल्यांनी किंवा जीन्सच्या बटणानं ज्यांना खाज सुटते त्यांनी टायटॅनियम घ्यावं. ९२५ चांदी दिसायला छान, मात्र ती काळी पडते आणि मऊ असल्यानं उथळ कोरलेली अक्षरं झिजतात. एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याच्या वाटेला जाऊ नका: मुलामा घामानं उडतो आणि त्याबरोबर वरवरचा मजकूरही. खऱ्या सोन्याची पट्टी बेशुद्ध माणसाच्या हातातून कोणी काढून नेली तर पट्टीही गेली आणि ओळखही.

सिलिकॉनचा पट्टा मुलांना आवडतो, पाण्यातही चालतो. त्यावर छापलेली अक्षरं मात्र काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून मधे धातूची पाटी बसवलेला घ्या. मुलाच्या गळ्यात काही घालायचं असेल तर ओढ बसताच सुटणारा हूकच हवा, नाहीतर खेळताना फास बसतो. रंग मुलालाच निवडू द्या. आवडलेली पट्टी हातात राहते, लादलेली दप्तरात जाते.

मजकूर

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. साधारण ३८ मिलिमीटर लांब आणि १२ मिलिमीटर रुंद पाटीवर इंग्रजीत प्रत्येकी १५ अक्षरांच्या तीन ओळी बसतात. अक्षराची उंची किमान २.५ मिलिमीटर ठेवा. देवनागरीला वेलांट्या-मात्रांसाठी जास्त जागा लागते. तिथं ३.५ मिलिमीटर उंची धरा आणि दोनच ओळी करा. समोरच्या बाजूला मराठी, मागे इंग्रजी, असं आमचं ठाम मत आहे. रिक्षावाला, कंडक्टर, हवालदार हे पहिल्यांदा पोचतात, डॉक्टर नंतर. राज्याबाहेर किंवा परदेशात राहत असाल तर दोन्ही बाजू इंग्रजीत करा आणि फोन नंबरच्या आधी ९१ जोडा.

समोर:

मधुमेह
इन्सुलिन चालू

इन्सुलिन नसेल तर दुसऱ्या ओळीत गोळीचं नाव टाका. ते नाव शोभेला नसतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं खाली गेलेली साखर ग्लुकोज देऊन वर आली तरी काही तासांनी पुन्हा घसरते, म्हणून असा माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात थांबवून ठेवावं लागतं. हे डॉक्टरला नावावरून लगेच कळतं.

मागच्या बाजूला इंग्रजीत तोच मजकूर, गंभीर ॲलर्जी असेल तर ती (उदाहरणार्थ पेनिसिलिन), वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध असेल तर ते, आणि एक फोन नंबर. नंबर अशा माणसाचा द्या जो अनोळखी नंबर उचलतो. स्वतःचाच नंबर कोरून घेणारे खूप असतात. तो फोन मग त्यांच्याच खिशात वाजत राहतो.

डोस कोरू नका, ते बदलतात. आधार क्रमांक आणि घरचा पत्ता नको. रक्तगटावरही जागा घालवू नका: रक्त द्यायची वेळ आली तर रुग्णालय स्वतः तपासल्याशिवाय देत नाही. क्यूआर कोड हवा तर मागे असू द्या, पण त्याला चालू फोन, नेटवर्क आणि पलीकडची चालू कंपनी लागते, म्हणून मुख्य मजकूर अक्षरांतच पाहिजे. लाल क्रॉस कोरून घेऊ नका, भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानं तो वापरायला बंदी आहे. रुग्णवाहिकेवर दिसणारा सहा पाकळ्यांचा, मधे दंड आणि साप असलेला तारा चालेल.

अमेरिकेत १९५६ साली सुरू झालेल्या मेडिकअलर्ट या संस्थेच्या पट्टीमागे सभासदांची नोंद ठेवणारी यंत्रणा असते. तसं वैद्यकीय चिन्ह नुसतं छापलेल्या स्वस्त पट्टीमागे कोणीच नसतं.

कोरून घेताना

ऑनलाइन मागवता येते, पण गावातही काम होतं. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे लेझर असतो. त्यांना वरवर काळं करू नका, खोल कोरा असं सांगा. बोट फिरवल्यावर खाच लागली पाहिजे. भांड्यांवर नाव घालणाऱ्याचं यंत्र ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उमटवतं. मोठ्या इंग्रजी अक्षरांना ते पुरेसं होतं, बारीक मात्रांचा मात्र त्यात चिखल होतो. मजकूर तोंडी सांगू नका. चौकटीच्या कागदावर एका घरात एक अक्षर लिहून द्या आणि कोरण्याआधी स्क्रीनवर बघून फोन नंबर मोठ्यानं वाचा.

हातात आल्यावर कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कड धारदार आहे, घासून द्यायला सांगा. इथं बारीकशी जखमही परवडत नाही. मग साखळी आणि पाटी जोडणारी कडी बघा. पट्टी हरवते ती बहुतेक वेळा या उघड्या कडीमुळेच. चांदीची असेल तर सोनाराकडून कडी झाळून घ्या. स्टीलची असेल तर दुहेरी वेढ्याची जाड कडी मागा. शेवटी घरातल्या कोणाला तरी चष्म्याशिवाय, हातभर अंतरावरून वाचायला लावा.

सोबतचं कार्ड

पट्टीवर न मावलेलं सगळं पाकिटातल्या कार्डावर लिहा: औषधं, डोस, डॉक्टर, तारीख. ठळक अक्षरांत: "शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा." गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर "साखर नको, ग्लुकोजच" हे जरूर लिहा. ही औषधं साखरेचं पचन अडवतात, त्यामुळे साखर-पाणी वेळेवर लागू पडत नाही. फोनच्या लॉक स्क्रीनवरची आपत्कालीन माहितीही याच बैठकीत भरून टाका.

लग्नाच्या वयाच्या मुलीची पट्टी झाकायला लावणारी घरं आहेत. तिथं समोर नुसता तारा आणि मागे मजकूर असं करता येईल, पण पट्टी हातातून उतरवायला लावू नका. वारीत, ट्रेकला, शेतात तासन्‌तास चालणं-राबणं झालं की इन्सुलिनचा जोर वाढतो. त्या दिवशी बाहीखालून पट्टी वर काढून ठेवा.

अंघोळीत, स्वयंपाकात, पूजेला ती हातातच राहू द्या. साबण साचून खाज येते, म्हणून आठवड्यातून एकदा जुन्या मऊ ब्रशनं धुवून कोरडी करा. एमआरआयच्या आधी मात्र काढावीच लागते. तेव्हा ती सोबतच्या माणसाकडे द्या आणि खोलीबाहेर येताच पुन्हा चढवा.