सस्पेन्शन बदललेली स्नोमोबाइल आणि बिघडलेलं स्टीअरिंग: नव्या मेकॅनिकसाठी

ओंटारियोत स्मॉल इंजिन टेक्निशियन म्हणून शिकायला लागलात की पहिल्याच हिवाळ्यात अशी स्नोमोबाइल (पुढे दोन स्की आणि मागे फिरता ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी) समोर येते. मालकाने सेकंड-हँड माउंटन मॉडेल घेतलेलं असतं. डोंगरउतारावर मशीन सहज कलती व्हावी म्हणून त्यातल्या दोन स्कींमधलं अंतर साधारण 36 इंच असतं, तर ट्रेलवरच्या मशीनमध्ये ते 42-43 इंच. मग तो लांब ए-आर्म (स्कीला मशीनच्या सांगाड्याशी जोडणारा A आकाराचा दांडा) आणि नवे शॉक अॅब्सॉर्बर (शॉक) बसवतो, मशीन रुंद करतो, आणि आठवड्याभरात तक्रार घेऊन येतो: हँडल जड झालंय, मशीन सरळ चालत नाही.

लगेच पाना उचलू नका. आधी विचारा, हे सपाटीवर होतं की उंचवट्यांवर? माझ्या मते निम्मं निदान या एका उत्तरातच असतं.

फक्त उंचवट्यांवरच स्की आपोआप वळत असतील (गर्दीच्या ट्रेलवर दुपारपर्यंत असे उंचवटे तयार होतातच), तर तो बंप स्टीअर. स्की वर-खाली होताना ए-आर्मच्या टोकाला एका वर्तुळाचा कंस मिळतो, टाय रॉडच्या (हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) टोकाला दुसऱ्या वर्तुळाचा. लांबी आणि आतल्या सांध्यांच्या जागा जुळलेल्या असतील तर दोन्ही कंस सोबत चालतात. ए-आर्म लांब झाला आणि टाय रॉड नुसता तडजोड करून वाढवला, की ते जुळणं संपतं. हँडल स्थिर धरलं तरी स्की वळते.

तपासणी सोपी आहे, फक्त घाई नको. पुढचा भाग उचला, शॉक काढा, हँडल सरळ बांधून ठेवा. स्की हाताने थोडी थोडी वर नेत प्रत्येक टप्प्यावर टो (स्की पुढून किती आत किंवा बाहेर वळलेल्या आहेत ते) मोजा. टो खूप बदलत असेल तर अलाइनमेंट कितीही केलं तरी उपयोग नाही, कारण अलाइनमेंट एकाच उंचीवर बरोबर बसतं. किटबरोबरचा योग्य लांबीचा टाय रॉड मागवा किंवा सांध्याची उंची स्पेसरने दुरुस्त करा. टाय रॉडला वेल्डिंग करून लांबी वाढवायला कुणी सांगितलं, तर ठाम नकार द्या. वेगात तो तुटला तर माणूस झाडावर आदळतो.

सपाटीवरच मशीन भरकटत असेल तर आधी बॉल जॉइंट, बुशिंग आणि टाय रॉडच्या टोकांतला प्ले (ढिलेपणा) बघा. मग टो. ट्रॅकच्या बाजूला लांब सरळ पट्टी लावा, दोन्ही स्कींची टोकं रबरी पट्ट्याने एकमेकांकडे ओढून सांध्यांतला ढिलेपणा घालवा आणि मोजा. बहुतेक मशीनना पुढून किंचित बाहेर, म्हणजे थोडं टो-आउट हवं असतं. नेमका आकडा, आणि सस्पेन्शन लटकत ठेवून मोजायचं की वजन टेकवून, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. टो ठीक असूनही स्की इतर मशीननी पाडलेल्या चऱ्यांत शिरत असेल, तर दुहेरी कार्बाइड रनर (स्कीच्या तळाला बसणाऱ्या कठीण धातूच्या पट्ट्या) हा चांगला उपाय आहे.

हँडल जड असेल तर स्कीवरचा भार तपासा. इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. लांब ए-आर्ममुळे शॉकवरचा लिव्हरेज वाढतो, म्हणून जुनीच स्प्रिंग आता मऊ वाटते. मालक प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) आवळतो, पुढचा भाग उंच होतो, स्कीवर भार वाढतो आणि हँडल दगडासारखं होतं. इथे जास्त ताठ स्प्रिंग लागते. मागच्या सस्पेन्शनचा लिमिटर स्ट्रॅप (त्याचा पुढचा भाग किती खाली जाईल ते ठरवणारा पट्टा) आखूड केला तरी स्कीवर भार वाढतो, सैल केला तर कमी होतो. भार फार कमी झाला की मशीन वळणावर सरळच घसरत जातं, म्हणून स्ट्रॅप एकेक भोक बदलून दर वेळी चालवून बघा. नवीन स्पिंडल (स्की ज्यावर वळते तो उभा भाग) बसवलं असेल तर त्याचा मागे झुकलेला कोनही तपासा. तो फार वाढला तर हँडल जड, फार घटला तर वळणानंतर मध्यावर परत येत नाही.

टेस्ट राइड आधी संथ, मोकळ्या जागी घ्या. परत आल्यावर टाय रॉडचे लॉकनट पुन्हा तपासा, आणि अंतिम टो, प्रीलोड व स्ट्रॅपचं भोक जॉब कार्डवर लिहून ठेवा, म्हणजे मालकाने पुन्हा काही फिरवलं तर कुठून सुरुवात करायची ते हाती असेल.