गोव्यात लग्न मोडताना: निकाल वेगळा, वाटणी वेगळी

‘एक वर्ष वेगळे राहा, अर्ज करा, सहा महिन्यांनी सुटका’ हा हिशोब मराठी वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर सारखा वाचायला मिळतो. तो हिंदू विवाह कायद्यातला, कलम १३ ब चा. गोव्यात ज्यांचे मूळ घर आहे आणि ज्यांचे लग्न इथल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदले आहे, त्यांना तो लागू होत नाही. हिंदू असोत, ख्रिश्चन असोत वा मुसलमान (चर्चमध्ये लग्न लावलेल्या कॅथोलिकांची बाब मात्र वेगळी), त्यांच्यासाठी ३ नोव्हेंबर १९१० चा पोर्तुगीज घटस्फोट कायदा आहे. मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, त्यात हाही आला. लग्न महाराष्ट्रात होऊन तिथेच नोंदलेले असेल आणि जोडपे नोकरीपुरते पर्वरीला किंवा वास्कोला राहत असेल, तर मात्र हिंदू विवाह कायदाच बघावा लागतो. म्हणून वकिलाकडे जाताना दोन गोष्टींचे उत्तर तयार ठेवा: लग्न कुठे नोंदले, आणि दोघांचे मूळ घर कुठले. चुकीच्या कायद्याखाली घातलेला अर्ज वर्ष-दीड वर्ष खातो आणि शेवटी फेटाळला जातो.

पहिला कागद विवाह नोंदणीचा दाखला. गोव्यात देवळातले लग्न आणि हॉलमधले जेवण कायद्याच्या दृष्टीने गौण. आधी इराद्याची सही, मग मुदतीनंतर दुसरी सही, आणि त्या दुसऱ्या सहीने लग्न नोंदवहीत चढते. काही जोडप्यांची पहिलीच सही झालेली असते, दुसरी ‘नंतर करू’ म्हणत राहून गेलेली. अशांनी घटस्फोटाचा अर्ज टाइप करून घेण्याआधी नोंद खरोखर आहे का, ते त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे तपासून घ्यावे. नोंदच नसेल तर प्रकरण मुळातच वेगळे होते.

दोघांची संमती असेल तर दोन अटी: लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली हवीत आणि दोघांचेही वय पंचवीस पूर्ण हवे. बाविसाव्या वर्षी लग्न आणि चोविसाव्या वर्षी संमतीचा अर्ज, हे इथे चालत नाही. अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ विभाग यांच्यापुढे जातो. सोबत विवाहाचा दाखला, दोघांचे जन्मदाखले, मालमत्तेची यादी, आणि मुले असतील तर ती कोणाकडे राहतील, खर्च कोण किती देईल याचा लेखी करार लागतो. न्यायाधीश दोघांना समोर बसवून समेटाचा प्रयत्न करतात. तो जमला नाही तर करार मान्य होतो आणि एक वर्षाचे तात्पुरते विभक्तपण मिळते. वर्ष संपल्यावर दोघांनी पुन्हा येऊन ‘आम्ही ठाम आहोत’ असे सांगितले की कायमचा निकाल होतो. हे मधले वर्ष लोक सुटका समजतात. ती सुटका नव्हे. लग्न अजून कायद्याने उभे आहे, दुसरे करता येत नाही. आणि दुसऱ्या फेरीला जहाजावर गेलेला नवरा किंवा आखातात नोकरीला गेलेली बायको वेळेत पोहोचली नाही, तर सगळे अडकते. करारावर सह्या करतानाच पुढच्या वर्षाची सुटी मोजून ठेवावी.

मुलांच्या करारात ‘योग्य तो खर्च देईन’ असे वाक्य घालू नका. रक्कम, महिन्याची तारीख, बँक खाते, शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च कोणाचा, गणेश चवथीची सुटी कोणाकडे, मे महिन्याचे पंधरा दिवस कोणाकडे, हे आकड्यांत लिहा. पुढे भांडण होते ते नेमक्या न लिहिलेल्या ओळीवर.

संमती नसेल तर १९१० च्या कायद्याच्या चौथ्या कलमातली कारणे सिद्ध करावी लागतात. व्यभिचार, गंभीर शिक्षा झालेला गुन्हा, मारहाण वा गंभीर अपमान, तीन वर्षे घर पूर्णपणे सोडून जाणे, चार वर्षे काहीच थांगपत्ता नसणे, न्यायालयाने ठरवलेला असाध्य मानसिक आजार, जुगाराचे कायमचे व्यसन, असाध्य सांसर्गिक रोग, आणि दोघांनी स्वखुशीने सलग दहा वर्षे वेगळे राहणे. शेवटच्यात वेगळे का राहिलो हे सांगावे लागत नाही, फक्त दहा वर्षे मोजून दाखवावी लागतात. ‘पटत नाही’ हे या यादीत कुठेच नाही, आणि एकतर्फी अर्ज पडतात ते बहुधा इथेच.

सर्वाधिक वापरले जाणारे कारण घर सोडण्याचे. त्यात पुरावा तारखेवर चालतो. मतदार यादीतला बदललेला पत्ता, पंचायतीचा रहिवासी दाखला, शिधापत्रिका, पाठवलेली रजिस्टर पत्रे, मुलाच्या शाळेच्या अर्जावर सही कोणाची, असे कागद वर्षवार लावून ठेवा. समोरचा वकील एकच प्रश्न विचारील: या तीन वर्षांत घर सोडून गेलेला जोडीदार चवथीला आला होता का, त्याच घरात राहिला होता का? ‘हो, पाच दिवस’ असे उत्तर आले की तीन वर्षांची मोजणी कुठून धरायची यावरच वाद सुरू होतो. पोटगी किंवा भेटीसाठी आलेला असेल तर तसे पत्र वा मेसेज जपून ठेवा.

आता खरी गुंतागुंतीची गोष्ट. गोव्यात लग्नापूर्वी नोटरीपुढे विवाहपूर्व करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा वाटा पडतो. लग्नाआधीची, लग्नानंतर घेतलेली, बापाकडून वारशाने आलेली, सगळी. एका दात्याने ‘जोडीदाराला जाणार नाही’ अशी अट घालून दिलेले दान किंवा अंगावरचे कपडे असे थोडे अपवाद आहेत. करार लग्नानंतर करता येत नाही आणि केलेला बदलता येत नाही. कर्जही तसेच एकत्र येते. म्हणून ‘फ्लॅट माझ्या नावावर आहे’ किंवा ‘एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) तिचे नाव नाही’ याला इथे फारसा अर्थ नाही. उलट घर विकायला दोघांचीही सही लागते. एकट्याच्या सहीने केलेली विक्री पुढे कोर्टात उभी राहत नाही, आणि खरेदीदाराचे पैसे अडकतात.

घटस्फोटाचा निकाल लग्न संपवतो, मालमत्ता वाटत नाही. वाटणी दोन मार्गांनी होते: दोघांचे पटत असेल तर वाटणीचा दस्त करून नोंदवायचा, नाहीतर न्यायालयात इन्व्हेंटरी. इन्व्हेंटरीत सगळ्या मालमत्तेची यादी होते, मोल ठरते, आणि मग दोघांतच बोली लागते. जो जास्त बोली लावेल त्याला ती वस्तू मिळते, वरचा फरक त्याने दुसऱ्याला रोख द्यायचा.

उदाहरण घ्या. घरावर बोली ६० लाखांवर थांबली, बँकेत ८ लाख, मोटार ४ लाखांची, घरकर्ज १२ लाख. एकूण ७२ लाख, कर्ज वजा जाता ६०, म्हणजे प्रत्येकाला ३०. नवऱ्याने घर कर्जासह घेतले, त्याच्या पदरी ४८ आले. बायकोने बँकेतले पैसे आणि मोटार घेतली, १२ झाले. नवऱ्याने तिला १८ लाख द्यायचे. बोली लावताना लोक हा १८ चा आकडा मनात धरत नाहीत. हट्टाने ७५ पर्यंत जातात आणि नंतर पैसे उभे करता येत नाहीत. बोलीच्या आधी बँकेकडून आपल्याला किती कर्ज मिळेल ते लेखी घ्या.

यादीत राहून जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: भावंडांत अजून न वाटलेला वडिलोपार्जित हिस्सा, दुसऱ्याच्या नावाने भरलेली विमा पॉलिसी, भविष्य निर्वाह निधी, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून मिळालेले घर, आणि सोने. सोन्याचे फोटो आणि बिले आधी काढून ठेवा. जोडीदाराच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी दिलेली असेल, विशेषतः बाहेरगावी गेलेल्यांनी, तर ती लेखी रद्द करून बँकेला आणि नोंदणी कार्यालयाला कळवणे हे पहिल्या आठवड्याचे काम.

पोटगीसाठी घटस्फोटाची वाट बघावी लागत नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. म्हणजे अर्ज उशिरा घातलात तेवढे महिने हातचे गेले. मारहाण किंवा घरातून हाकलणे असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वेगाने चालतो, त्यात घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. महिलांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० हा क्रमांक. तातडीला १८१.

निकाल लागला की त्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती घ्या. एक प्रत जिथे लग्न नोंदले त्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे गेली पाहिजे, म्हणजे नोंदवहीच्या त्या पानाच्या मार्जिनमध्ये घटस्फोटाची नोंद चढते. ती चढली की नाही हे स्वतः जाऊन बघा आणि नोंदीसह नवा दाखला काढा. नुसता निकाल हातात घेऊन पुन्हा लग्नाच्या पहिल्या सहीला गेलेल्यांना रजिस्ट्रार परत पाठवतात.

आयकरातही बदल होतो. आयकर कायदा गोव्यातल्या जोडप्यांचे पगाराखेरीजचे उत्पन्न दोघांत निम्मे धरतो (१९६१ च्या कायद्यात हे कलम ५ अ होते). घटस्फोटाच्या वर्षीचे विवरण भरताना भाडे आणि व्याज कोणत्या तारखेपर्यंत वाटून दाखवायचे, हे सीएला विचारून घ्या.

आणि ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लग्न लिस्बनला नोंदवले आहे, त्यांच्यापुढे आणखी एक टप्पा. गोव्यातला निकाल तिथे आपोआप लागत नाही. पोर्तुगालच्या अपील न्यायालयाकडून तो मान्य करून घ्यावा लागतो, त्यासाठी निकालाचा प्रमाणित अनुवाद आणि तिथला वकील लागतो. तोवर गोव्यात सुटलेला माणूस लिस्बनच्या वहीत विवाहितच राहतो.