राखणदार, मुंजा आणि वेताळ: अमानवी पात्रांचे इच्छास्वातंत्र्य व प्रगती यांचे नियम कसे बसवावेत

टेबलाभोवती खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या खेळात, माणसाचे पात्र कसे मोठे होते, याची वहिवाट पडलेली आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, तेव्हापासून पराक्रम करावा, गुण मिळवावेत आणि वरची लेव्हल गाठावी, असा क्रम चालत आला असून २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३००, तर विसाव्या लेव्हलला ३,५५,००० गुण लागतात. गाव राखणाऱ्या अमानवी राखणदाराला हा हिशेब लावला की गाडे अडते. वेस राखणे हा ज्याचा स्वभावच आहे, त्याने दहा चोर पळवून लावले, तर तो नवीन काय शिकला? मुंजा तर सोडमुंज होण्याआधीच गेलेला, म्हणजे वाढ खुंटणे हीच त्याची कथा. अशा पात्राची प्रगती आपले बंधन ताणता येण्यात मोजावी, असे माझे मत आहे, आणि ठाण्यात उपवनजवळ रविवारी जमणाऱ्या आमच्या पाच जणांच्या गटाने पुढील नियम त्याच मतावर उभे केले आहेत.

पहिली पायरी बंधन लिहिण्याची. ‘मी गावाचे रक्षण करीन’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते खेळाडूच्या आड कधी येतच नाही. आमच्यातले तिघे मूळचे कोकणातले, त्यामुळे राखणदार सर्वांच्या परिचयाचा. त्याच्यासाठी आम्ही लिहिले, ‘कळव्याच्या बाजूने पारसिकचा डोंगर ओलांडणार नाही आणि ज्यांनी वर्षाची राखण (राखणदाराचा मान) दिली त्या घरच्यांना धक्का लागू देणार नाही.’ बंधनाखालीच त्यातून मिळणारे बळही लिहावे: वेशीत कोण शिरले हे न पाहता कळणे, चोराला रात्रभर जागच्या जागी फिरवणे, इत्यादी.

दुसऱ्या पायरीवर ‘बंधन’ (बंधनाची पकड) आणि ‘मन’ (स्वतःची इच्छा) असे दोन आकडे ठरवावेत आणि त्यांची बेरीज नेहमी २० ठेवावी. ही युक्ती आमची नव्हे; १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’ या रोलप्लेइंग गेममध्ये परस्परविरोधी स्वभावांच्या जोड्या अशाच २० मध्ये वाटलेल्या आहेत. राखणदाराला १६ आणि ४ द्यावेत. विक्रमाला कोड्यांत अडकवणारा वेताळ मुळातच स्वतंत्र डोक्याचा, त्याला १२ आणि ८ शोभतात.

तिसरी पायरी सर्वांत नाजूक आहे. खेळाडूला बंधनाविरुद्ध काही करायचे असेल तेव्हाच वीस बाजूंचा फासा टाकावा. ‘मन’ इतका किंवा त्याहून कमी आकडा पडला तर ते त्याला करता येते. म्हणजे ४ वर पाचांतून एकदा. फासा उलटा पडला तरी गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पात्र आपल्या हातात घेऊ नये. बंधन पाळले जाईल एवढेच बंधनकारक. कसे पाळायचे, रडत, चिडत की पळवाट शोधत, हे खेळाडूनेच सांगावे, नाहीतर त्याने काय नुसती मिसळ खायला यायचे?

बंधनाचे दोन भाग एकमेकांवर उठले तर काय करावे, हा प्रश्न आमच्यापुढे लवकरच आला. राखण देणाऱ्या घरातले मूल पळवून चोर पारसिक बोगद्यातून पलीकडे निघाले होते. १९१६ पासून वापरात असलेला हा रेल्वेचा बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे, आणि त्याच्या कळव्याकडील तोंडाशी राखणदार थबकला. घरच्यांना धक्का लागतो आहे, तेव्हा फासा टाकायचे कारणच नाही, असे तो खेळाडू दहा मिनिटे भांडून सांगत राहिला. गेममास्टर म्हणून मी निर्णय दिला तो असा, की एका भागासाठी दुसरा मोडायचा असेल, तर जो भाग मोडतो त्यासाठी फासा टाकावाच लागेल. स्टीलच्या ताटात फासा बराच वेळ खणखणला आणि ३ वर थांबला.

चौथी पायरी प्रगतीची. फासा टाकावा लागला की, तो जिंकला असो वा हरला, पात्राच्या कागदावर एक खूण करावी. मोहाशी झुंजणे हाच इथला अनुभव आहे. सेशन संपल्यावर खूण असल्यास पुन्हा फासा टाकावा आणि तो ‘मन’च्या वर पडला तरच ‘मन’ एकाने वाढवून ‘बंधन’ एकाने उतरवावे. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या गेममध्ये कौशल्ये याच तत्त्वाने वाढतात. ‘मन’ ४ असताना वाढीची शक्यता ८० टक्के, १४ असताना ३० टक्के. वेग आपोआप मंदावतो, लेव्हलचा तक्ता लागत नाही.

किंमत मात्र वसूल करावी. ‘मन’ ८, १२ आणि १६ ला पोहोचताच बंधनातून आलेले एकेक बळ खोडावे आणि त्या जागी माणसाचे एखादे साधे कौशल्य द्यावे. बंधन मोडून बाहेर असेपर्यंत तर कोणतेच बळ चालू नये.

त्या रविवारी आमच्या राखणदाराने मुंब्र्याच्या बाजूला मूल गाठले, पण तिथे त्याला ना चोराची चाहूल लागत होती, ना कुणाला गरगरा फिरवता येत होते. मुलाला खांद्यावर घेऊन तो रुळांच्या कडेने नुसता धावला. शेवटी खुणेसाठी फासा टाकला तेव्हा २ पडले. ‘मन’ चारच राहिले. खेळाडूने पेन्सिलने केलेली खूण खोडरबराने पुसली आणि पुढच्या वेळी वेशीवर परतायचे कसे, हे विचारून घेतले.