अमेरिकेत कंपनी चालवताय? पगारी कौटुंबिक रजेबाबत या चुका टाळा

‘पैसे राज्य सरकार देणार, मग आपल्याला कसली कटकट?’ पगारी कौटुंबिक रजेचा, म्हणजे मूल झालं किंवा घरचं कुणी गंभीर आजारी असलं की घ्यायच्या रजेचा, विषय निघाला की बरेच छोटे उद्योजक असंच धरून चालतात. ज्या राज्यांत अशी रजा आहे, त्यातल्या बहुतेकांत रजेवरच्या माणसाला पैसे सरकारी निधीतून मिळतात, हे खरं. पण त्या निधीचा हप्ता पगारातून कापणं, तो वेळेवर भरणं आणि कर्मचाऱ्याला लेखी कळवणं ही कामं कंपनीचीच. घोळ होतो तो इथे.

‘आमच्याकडे कुठे ५० माणसं आहेत!’ हा नेहमीचा गैरसमज. ५० कर्मचाऱ्यांची अट १९९३ च्या केंद्रीय कायद्याची, म्हणजे एफएमएलएची (फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट), आणि ती रजाही बिनपगारी. राज्यांचं गणित निराळं. कनेक्टिकटमध्ये एकच कर्मचारी असला तरी नियम लागू होतो. वॉशिंग्टन राज्यात ५० पेक्षा कमी माणसं असतील तर हप्त्यातला मालकाचा हिस्सा माफ आहे; कर्मचाऱ्यांचा हिस्सा कापून भरणं आणि दर तिमाहीचा अहवाल मात्र चुकत नाही.

सगळ्यात महागात पडते ती घरून काम करणाऱ्यांबाबतची चूक. समजा, कंपनी न्यू जर्सीतल्या एडिसनची आणि एक इंजिनियर वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटलमध्ये घरी बसून काम करतोय. पेरोलमध्ये त्याला न्यू जर्सीचाच धरलेला असतो. पण माणूस काम करतो कुठे, हे आधी बघायचं. त्याला वॉशिंग्टनचे नियम लागतील. तिथल्या हप्त्याचा दर २०२४ मध्ये पगाराच्या ०.७४ टक्के होता, २०२५ मध्ये ०.९२ झाला. महिना ८,००० डॉलर पगारावर २०२५ च्या दराने हप्ता ७३.६० डॉलर, त्यातला कर्मचाऱ्याचा वाटा जास्तीत जास्त ५२.६४. त्या पगाराच्या वेळी तो कापला नाही, तर तो तुम्हीच भरायचं ठरवलंत असं वॉशिंग्टनचा कायदा मानतो. मागाहून वसूल करता येत नाही. अशी दहा माणसं असतील, तर सहा महिन्यांत तीन हजारांवर डॉलर खिशातून गेले. म्हणून कुणी घर बदलल्याचं कळलं की त्याच आठवड्यात पेरोलमधलं राज्य तपासा, आणि जानेवारीत नवा दर चढलाय की नाही तेही पाहा.

कॅलिफोर्नियातले जुने मालक अजून, राज्याची पगारी रजा मागितली की, ‘आधी दोन आठवडे तुझी साठलेली सुट्टी वापर’ असं सांगतात. पूर्वी ते चालायचं; १ जानेवारी २०२५ पासून तशी सक्ती करता येत नाही. हँडबुकमधलं ते वाक्य आजच काढा.

एफएमएलए लागू असलेल्या कंपन्यांनी राज्याची रजा सुरू होताच, ती एफएमएलएलाही पात्र असेल तर तशी लेखी नोंद करून कर्मचाऱ्याला कळवावं. नाहीतर एक रजा संपल्यावर दुसरी उभी राहते आणि वाद होतो.

न्यूयॉर्कची तऱ्हा वेगळी. तिथे साधारणपणे मालकाने विमा पॉलिसी घ्यायची असते आणि दाव्याचे पैसे विमा कंपनी देते. कर्मचाऱ्याने अर्ज आणून दिला की त्यातला मालकाचा भाग कामकाजाच्या ३ दिवसांत भरून परत द्यावा लागतो. एचआरवाला सुट्टीवर असेल तर हे काम कोण करणार, ते आधीच ठरवून ठेवा.