से कॅथेड्रल पाहावं कसं

फोंड्याला आमच्याकडे पाहुणे आले की ओल्ड गोव्याची फेरी ठरलेलीच. माझी अट एकच: सकाळी लवकर निघायचं. तिथल्या से कॅथेड्रल या मोठ्या चर्चचं तोंड पूर्वेला आहे, तेव्हा ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडतं.

आधी आत घुसू नका. हिरवळीवर मागे सरकून इमारत बघा, एक बाजू बोडकी दिसेल. मनोरे दोन होते, त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा कुणी उभारलाच नाही. मला ती तशीच आवडते. उरलेल्या मनोऱ्यात मोठी ‘सोन्याची घंटा’ आहे. सोनं तिच्या नादात.

बांधकाम १५६२ ला सुरू झालं, १६१९ पर्यंत चाललं. बाहेर साधी टस्कन शैली, आत पानांच्या नक्षीचे कोरिंथियन खांब. भिंती मात्र आपल्याच जांभ्या चिऱ्याच्या, वरून चुन्याचा गिलावा. खात्री हवी तर रस्त्यापलीकडे बॉम जीझस चर्चला जा, तिथे गिलावा काढलेला उघडा चिरा दिसतो.

आत गेल्यावर सरळ मुख्य वेदीपुढे थांबा. सोनेरी लाकडी चौकटीत संत कॅथरीनचं आयुष्य कोरलंय. तिच्याच सणाला, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला. इथे घाई केलीत तर आलात कशाला?

खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.