मॉक ड्राफ्टला बसण्याआधी

मॉक ड्राफ्ट म्हणजे NFL च्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टचा आपण घरी बसून बांधलेला अंदाज: कॉलेजमधला कुठला खेळाडू कुठली टीम, कितव्या नंबरला उचलणार. सगळ्यात आधी पिक्सची, म्हणजे खेळाडू निवडायच्या पाळ्यांची यादी काढा. खेळाडूंची नाही, पिक्सची. आपल्या टीमकडे कुठल्या राउंडचा कितवा नंबर आहे ते कागदावर स्वतःच्या हाताने लिहा आणि मगच कॉलेजच्या पोरांकडे वळा. सात राउंड म्हणजे आपले सात पिक्स, असं गृहीत धरून मी 2025 ला बसलो आणि तोंडावर आपटलो.

शिकागोच्या आसपासचे आम्ही आठ मराठी बेअर्सवाले, म्हणजे शिकागो बेअर्स टीमचे फॅन, दर एप्रिलला एकाच्या बेसमेंटमध्ये जमतो. प्रत्येकाचा मॉक भिंतीवर चिकटवायचा, हरेल त्याने सगळ्यांना मिसळ घालायची. चौथ्या राउंडला मी एक सेफ्टी (मागे राहून पास अडवणारा बचावपटू) बसवला होता. तीन रात्री जागून त्याचे व्हिडिओ पाहिलेले. पण तो पिक बेअर्सकडे नव्हताच! आदल्या वर्षी ऑस्टिन बुकर हा खेळाडू उचलण्यासाठी आपण बफेलोच्या टीमकडून 144 वा नंबर घेतला, तेव्हाच 2025 चा चौथा राउंड देऊन मोकळे झालो होतो. दुसऱ्या राउंडला उलटा प्रकार. तिथे एक सोडून दोन पिक्स होते, आपला 41 आणि कॅरोलायनाचा 39. डीजे मूर हा रिसीव्हर कॅरोलायनाकडून ज्या 2023 च्या ट्रेडमध्ये आला, त्यातलाच हा. 39 ला लूथर बर्डनचं नाव पुकारलं तेव्हा माझ्या कागदावर त्या नंबरची ओळसुद्धा नव्हती. एकाने लाल पेनने तिथे ‘रजेवर’ असं लिहिलं. तो कागद अजून त्याच्या फ्रिजवर आहे, चटणीच्या डागासकट.

टीमला काय कमी आहे ते बघायचं, हे कुणाला सांगायला नको. फक्त ते मार्चनंतर बघा. फेब्रुवारीतला मॉक म्हणजे रद्दी. 2025 च्या मार्चमध्ये बेअर्सने जो थुनी आणि जोना जॅक्सन हे दोन गार्ड (क्वार्टरबॅकला वाचवायला पुढे उभे राहणारे) ट्रेड करून आणले, ड्रू डॅलमन या सेंटरला करारावर घेतलं, तरी आमच्यातले दोघं दहाव्या नंबरला गार्डच धरून बसले होते.

नुसती कमतरता बघूनही भागत नाही, कोच कोण आहे ते बघा. बेन जॉन्सन डेट्रॉइटहून आला. तिथे त्याच्या ऑफेन्समध्ये सॅम लापोर्टा हा टाइट एंड (ब्लॉकही करणारा, पासही झेलणारा) काय खेळला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी ‘कोल कमेट आहे की आपल्याकडे’ म्हणून आम्ही टाइट एंडचा विचारच केला नाही. दहावा पिक कोल्स्टन लव्हलंड, टाइट एंड. आठही जण गार.

इंडियानापोलिसचं कंबाइन (ड्राफ्टआधी कॉलेजच्या पोरांची होणारी चाचणी) बघा, पण पळण्यावर भाळू नका. जॉन रॉस 2017 ला 40 यार्ड 4.22 सेकंदांत पळाला, सिनसिनाटीने नवव्या नंबरला उचलला. पुढची कथा त्यांच्या फॅन्सना विचारा. त्यापेक्षा टीमने कुणाला भेटायला बोलावलंय ते टिपा. प्रत्येक टीमला अशी 30 पोरंच बोलावता येतात, त्यामुळे त्या यादीला थोडा तरी अर्थ असतो. एप्रिलमधल्या ‘आतल्या बातम्यां’ना नसतो. त्या बहुतेक मुद्दाम सोडलेल्या पुड्या. कितीतरी मॉकमध्ये पहिल्या राउंडला असलेला शेड्यूर सँडर्स 2025 ला पाचव्यात गेला. नंबर? 144. हा आकडा माझ्या मागेच लागलाय.

बरं, पिक्स लिहिलेत का? नाही ना? उठा, लिहा. ट्रेड आत्ताचा असतो, पण देणं कधी कधी पुढच्या वर्षाचं निघतं, फसायला होतं ते तिथेच. थुनीसाठी कॅन्सस सिटीला काय दिलं, माहितीये? 2026 चा चौथा राउंड. पुन्हा चौथाच! शिवाय तिसऱ्या ते सातव्या राउंडच्या शेवटी, खेळाडू गमावलेल्या टीमना भरपाईचे जादा पिक्स लागतात, म्हणून मागचे नंबर सरकतात. ड्राफ्टच्या आठवड्यात यादी परत ताडून बघा.

ट्रेड डाउनचा (आपला वरचा पिक देऊन खालचे जास्त पिक्स घेण्याचा) अंदाज एकच ठेवा, जास्त नको. पाचव्यापासून पुढे फक्त पोझिशन लिहा, नावं कुणाचीच जुळत नाहीत. सातवा राउंड, काहीही. फरसाण आणि पाव डेव्हन अव्हेन्यूवरून शुक्रवारीच आणून ठेवा, कारण शनिवारी चौथा राउंड आपल्याकडे सकाळी अकराला सुरू होतो आणि तेव्हा मला गॅससमोर उभं राहायचं नाहीये.